फातिह्यात हसलेल्या बायका

सूक अल-शुयूख
१४ ऑक्टोबर १९९७

बहीजा,

मेलेली माणसं पत्रं लिहीत नाहीत, असं तू अकरा वर्षांपूर्वी कळवलंस आणि तेव्हापासून खरंच गप्प बसलीस. ठीक आहे बाई, लिहू नकोस. पण वाचता तर येतं ना अजून? मग वाच. फख्रिया तुमच्या अम्मानला सिगारेटी विकायला येते, तिच्याबरोबर खजुराच्या पाकाचा डबा पाठवतेय. पत्र डब्याच्या बुडाशी आहे. पाक खा आणि पत्र जाळ. उलटं करू नकोस, तुझा वेंधळेपणा मला ठाऊक आहे.

चसबिया गेली. ज्या बाईमुळे तू आज श्वास घेतेयस, ती हज्जा चसबिया. गेले दोन महिने तिला अन्न जात नव्हतं. गेल्या बुधवारी सकाळी चहा मागितला, साखर नाही म्हणून सुनेला शिवी दिली आणि मान टाकली. तिला शोभेल असंच मरण आलं.

तिसऱ्या दिवशी, फातिह्याच्या शोकबैठकीत, बायकांच्या बाजूला शोकगीतं गायला मलाच बोलावलं. दुसरी मुल्लाया आहे कोण इथे? तीस वर्षं मी लोकांना रडवून पोट भरतेय. पुरुष बाहेर रस्त्यावर तंबूत बसले होते, कडू कॉफी पीत. आम्ही साठेक जणी आत अंगणात. मध्ये एक भिंत. तंबूत कर्ण्यावर कुराणाची टेप मोठ्यानं चालू होती, म्हणजे आतलं बाहेर काही ऐकू जाणार नाही, अशी माझी समजूत.

मी गायले. बायकांनी छाती पिटली, गालांवर ओरखडे काढले, दोघींना तर उचलून पंख्याखाली न्यावं लागलं. मग चसबियाची धाकटी मुलगी सबीहा माझ्या कानाशी आली. म्हणाली, "मुल्लाया, आता पुरे रडणं. ती कापराची सांग. आईला ती फार आवडायची."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? फातिह्याला?"

"इथे पुरुष कोण आहे? आणि कुठल्या बाईला ती ठाऊक नाही?"

खरंच होतं ते. अगं, तुझी गोष्ट इथल्या सगळ्या चुलींपाशी सांगून झाली आहे. चसबियाच्या जमातीतल्या बायकांना ठाऊक, आपल्या जमातीतल्या बायकांना ठाऊक. एकाही पुरुषाला ठाऊक नाही. अठरा वर्षं! आपला भाऊ जासिब अजून दर ईदला नजफला जाऊन तुझ्या कबरीवर फातिहा पढतो. आत आईची फाटकी सतरंजी नि दोन उशा आहेत, हे त्याला कोण सांगणार?

तर मी सांगितली. कशी सांगितली ते ऐक, म्हणजे पुढचं कळेल.

म्हटलं, बायांनो, एका भावाच्या हातून कालव्याच्या पाण्यावरून दुसऱ्या जमातीतला एक माणूस मेला. रक्ताला रक्त नको म्हणून बैठक बसली आणि भावानं सतरा वर्षांची बहीण देऊ केली. ढोल नाही, मेंदी नाही, नवरा काळा की गोरा ते विचारायचं नाही. अशी मुलगी आयुष्यभर त्या घरात खुनाची भरपाई म्हणून वावरते. दिवस जवळ आला तशी मुलीला ताप भरला, आणि तिच्या आईला नि बहिणीला वाटलं, ही मेली असं सांगितलं तर? मेलेलीला कोण नेणार? त्यांनी मुलीला चादर घातली, मेल्यासारखा वास यावा म्हणून आईनं मुठीमुठीनं कापूर उधळला, आणि दोघींनी गळा काढला. पण नवऱ्याकडचे काय दूधखुळे होते? त्यांनी नवऱ्याच्या आईला पाठवलं, मढं बघून ये म्हणून. म्हणजे आपली चसबिया. ती आली. दार लावलं. मुलीच्या छातीवर तळवा ठेवला. आम्ही भिंतीला पाठ टेकून उभ्या. चसबिया हात काही केल्या काढेना. तिनं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. ती स्वतः अशीच, रक्ताच्या बदल्यात, गाढवावर बसवून त्या घरात आणलेली होती, हे तिनं तेव्हा बोलून दाखवलं नाही. आणि तेवढ्यात, बायांनो, मढं शिंकलं.

इथे मी थांबले. सगळ्या अंगणानं तोंडावर पदर घेतला.

बाहेरून चसबियाचा नवरा ओरडला, "काय झालं गं?" आणि चसबियानं काय करावं? तिनं छाती पिटत शिंकायला सुरुवात केली. "हाय गं माझी सून, आक्छी! नव्या नवरीला माती लागली गं, आक्छी! अहो, कापूर सोसत नाही मला, तुम्हाला काय जातंय बाहेर बसून विचारायला, आक्छी!" तशीच रडत शिंकत ती बाहेर गेली आणि म्हणाली, मेली पोरगी, संपलं, आणि दफनाला नजफपर्यंत मी स्वतः जाणार, सून माझी आहे. वाटेत प्रत्येक चौकीवर शिपाई गाडीत डोकावला की ही त्याच्या तोंडावर शिंकायची, आणि टपावर ताबूतात, त्या मढ्याच्या पेटीत, पोरगी तोंड दाबून हसतेय.

मी चसबियासारखं शिंकून दाखवलं. आणि बहीजा, बायका हसल्या. पदराआड नव्हे. आधीचं रडणं अंगात होतंच, ते सगळं हसण्यातून बाहेर पडलं. आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. तंबूतला कर्णा बंद पडला. पाच जमातींचे शेख हातात कॉफी घेऊन बसलेले, आणि भिंतीपलीकडून साठ बायका हसतायत. मेलेल्या बाईच्या घरात, तिच्या तिसऱ्या दिवशी.

एक जण म्हणाला म्हणे, "फातिहा आहे की लग्न?" आणि कॉफी न पिता उठला.

पुढे काय होईल ते माहीत नाही. पण होणार आहे. तुला कळवून ठेवलं.

तस्वाहिन


सूक अल-शुयूख
२१ ऑक्टोबर

बहीजा,

झालं ते झालंच. चसबियाचा धाकटा, गदबान, दहा माणसं घेऊन दारात आला. घरात मी आणि माझी इब्तिहाल. ती आता सतरा वर्षांची आहे, शिक्षिकेचं शिकतेय. तू तिला कधी पाहिलेलीच नाहीस. तुझ्यासारखीच उंच आहे आणि तुझ्यासारखंच नको तिथे तोंड उघडते.

गदबान म्हणाला, "मुल्लाया, आमच्या आईबद्दल काय बोललीस ते सांग."

मी म्हटलं, "चांगलंच बोलले."

"चांगलं ऐकून बायका खिदळतात?"

"कधी कधी."

इब्तिहाल आतून म्हणाली, "चांगल्या बाईबद्दल ऐकलं की हसू येतंच. तुम्हाला अनुभव नसेल." मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

गदबाननं तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग जासिबला बोलावणं गेलं, आणि त्यांची मागणी आली. मी बैठकीत, सगळ्यांसमोर, मी काय सांगितलं ते शब्दशः सांगायचं. त्यात आईचा अपमान नसेल तर माफी. आणि सांगितलं नाही, तर अपमान होता असं धरायचं, आणि भरपाई म्हणून इब्तिहाल द्यायची, गदबानच्या मोठ्या मुलाला.

वाचलंस ना? पुन्हा वाच. ढोल नाही, मेंदी नाही.

मागणी नेहमी आभाळाएवढी सुरू होते आणि कॉफी पिता पिता खाली येते, असं लोक मला समजावतात. कधी येते, कधी येत नाही. तुझ्या वेळी आली होती का?

तू म्हणशील, बाई, तू गोष्टी सांगणारी, एखादी साधी गोष्ट रचून सांग की. सांगितली ना! पहिल्याच दिवशी निरोप पाठवला की चसबियाच्या बकरीनं शेखसाहेबांचा डोक्याचा रुमाल खाल्ला होता, तेवढीच गोष्ट होती, माफ करा. बरी होती गोष्ट. पण तोवर काय झालं होतं माहीत आहे? फातिह्याहून घरी गेलेल्या प्रत्येक बाईला तिच्या नवऱ्यानं विचारलं होतं, आत काय चाललं होतं म्हणून. आणि एकीनंही तुझं नाव काढलं नाही. साठ जणी, बहीजा! काहींना मार बसला, तरी नाही. पण प्रत्येकीनं आपापल्या डोक्यानं काहीतरी ठोकून दिलं. एकीनं सांगितलं बदक, एकीनं सांगितलं गाढव. शेजारच्या ताजिरच्या बायकोनं सांगितलं की चसबियानं रोटीच्या भट्टीत चप्पल भाजली होती. लफ्ताची बायको, म्हणजे चसबियाच्या थोरल्या मुलाची, म्हणाली की मुल्लायाच्या तोंडात माशी गेली. सबीहानं सांगितलं, मी झोपले होते. स्वतःच्या आईच्या फातिह्याला!

आता पुरुष कॉफीच्या दुकानात बसून या गोष्टी जुळवतायत. एकाची बायको बदक म्हणते, दुसऱ्याची गाढव. आधी त्यांना वाटत होतं, बायका हसल्या. आता त्यांना कळलंय, बायका काहीतरी लपवतायत.

हसू नकोस. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले, आणि मग उठून दाराला आतून कडी घातली.

आता मुद्द्याचं. नजफच्या मढी धुण्याच्या घरात तुला ताबूतातून काढून आत सतरंजी नि उशा भरल्या, तिथेच तुला शेवटचं पाहिलं, तेव्हा तू माझ्याकडून हजरत अब्बासच्या नावानं शपथ घेतली होतीस, कुठल्याही पुरुषाला सांगणार नाही म्हणून. ती मी पाळली. जासिबलाही सांगितलं नाही. पण आता मला इब्तिहाल वाचवायची आहे. खरं सांगितलं तर काय होईल ते तुला कळतंय. दिलेली मुलगी जिवंत निघाली म्हणजे तो करारच खोटा, जुनं रक्त पुन्हा उघडं, जासिब आणि त्याची पोरं बंदुकीच्या नेमाखाली. चसबियाचं नाव मातीत. आणि तुला शोधत अम्मानला कुणी येणारच नाही असं नाही. हे सगळं मी जाणते. तरी विचारतेय. मला शपथेतून मोकळं कर, किंवा करत नाही म्हणून कळव. गप्प बसू नकोस. या वेळी नको.

बैठक पुढच्या शुक्रवारी, ३१ तारखेला आहे.

तस्वाहिन


सूक अल-शुयूख
२९ ऑक्टोबर

बहीजा,

फख्रिया आज सकाळी पोचली. तुझी चिठ्ठी तिनं अंबाड्यात खोचून आणली, ती अजून तिच्या तेलानं ओशट आहे. "सांगून टाक. मेलेलीला कोण मारणार? मुलगी वाचव." एवढंच. खुशाली नाही, सलाम नाही. अकरा वर्षांनी एवढंच.

तरीही मी ती तीनदा डोळ्यांना लावली. खोटं कशाला बोलू.

तुझी परवानगी मिळाली आणि मला वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं. कारण जासिब आला होता. त्याचं आता पोट सुटलंय, दाढी पांढरी झालीय, गुडघे दुखतात. चटईवर बसला आणि म्हणाला, "तस्वाहिन, मी विचार केला. देऊन टाकू."

"काय देऊन टाकू?"

"मुलगी. माणसं वाईट नाहीत. एकदा दिली होती आपण, बिचारी पोचलीच नाही. हे तेव्हापासून राहिलंच आहे असं समज."

मी हातातलं चहाचं भांडं त्याच्या अंगावर फेकलं. रिकामं होतं, साखरेबरोबर चहाही आता संपलाय. त्याला लागलं नाही. तो रडायला लागला. म्हणाला, "बहीजासाठी मी दर ईदला जातो. तिला मीच मारलं असं वाटतं मला. तापानं नाही गेली ती, धसक्यानं गेली. आता आणखी एक मुलगी द्यायला माझी जीभ उचलत असेल का? पण माझी तीन पोरं आहेत, तस्वाहिन. गदबानकडे रायफली आहेत."

ओठावर आलं होतं माझ्या. अरे बैला, ती जिवंत आहे, अम्मानला शिवणकाम करते, तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे. गिळलं. त्याला सांगितलं असतं तर आनंदानं आधी तो नाचला असता आणि मग कॉफीच्या दुकानात गेला असता.

इब्तिहालनं सगळं ऐकलं. रात्री जेवली नाही. म्हणाली, "आई, मावशीला तुम्ही मेलेली केलंत. मला काय करणार?"

मी म्हटलं, "तुला काही करणार नाही. तू जिवंत राहणार, आणि इथेच राहणार."

"कसं?"

"मी सांगेन."

"खरं?"

"खरं."

ती ताटाशी येऊन बसली. मग म्हणाली, "मग मामाला मारतील." आणि ताट पुढे ओढून कोरडा भात खायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.

बहीजा, मी ठरवलंय. शुक्रवारी सांगणार. जासिबच्या पोरांना उद्याच त्यांच्या आजोळी बसऱ्याला पाठवायची व्यवस्था केलीय, जासिबच्या बायकोनं, कारण तिला सगळं माहीत आहे. जासिबला तिनं सांगितलं की पोरांना खरूज झालीय, तिकडचा हकीम चांगला. तूही घर बदल. फख्रिया पुढच्या खेपेला नवा पत्ता घेऊन येईल. आणि माझं काही बरंवाईट झालं तर इब्तिहालला तुझ्याकडे पाठवतील सगळ्या मिळून. तिला ताबूतात घालायची गरज पडू नये एवढंच माग देवाकडे.

मला भीती वाटतेय. तीस वर्षं लोकांसमोर बसतेय, पण अशी कधी वाटली नव्हती.

तस्वाहिन


सूक अल-शुयूख
४ नोव्हेंबर

बहीजा,

घर बदललं असशील तर उगीच बदललंस. बदललं नसशील तर नेहमीप्रमाणे माझं ऐकलं नाहीस. दोन्हीकडून बरंच झालं.

आता क्रमानं सांगते. मध्येच पान उलटून शेवट बघू नकोस.

बैठक त्यांच्या दिवाणखान्यात होती, बोरूच्या काड्यांनी बांधलेल्या. आत पुरुष, दोन्ही बाजूंना रांगेत. मधे निवाड्याला सय्यद नूरी, नव्वदीचा म्हातारा, एका कानानं बहिरा आणि दुसऱ्यानं हवं तेवढंच ऐकणारा. मला बाहेर, भिंतीला लागून बसवलं होतं. बोरूची भिंत ती, आतलं सगळं दिसतं, त्यांना मात्र माझी सावलीच दिसते. माझ्यामागे बायका जमल्या. कुणी बोलावलं नव्हतं. कुणी म्हशीचा चारा घेऊन आल्याचा बहाणा केला, कुणी पाण्याची घागर. सगळ्या उभ्या राहिल्या.

जासिबला कॉफी दिली. त्यानं पेला जमिनीवर ठेवला, प्यायला नाही. म्हणजे आमची विनंती आहे आणि ती मानल्याशिवाय पिणार नाही. ठेवताना अर्धी कॉफी बाहेर सांडली.

गदबान उभा राहिला. म्हणाला, "आमच्या आईच्या फातिह्याला हिनं बायकांना हसवलं. पाच जमातींनी ऐकलं. मी विचारलं, काय सांगितलं? तर एक म्हणते बकरी, एक म्हणते बदक, एक म्हणते चप्पल. माझी स्वतःची बायको म्हणते, आठवत नाही. आज मुल्लाया इथे सांगेल, नाहीतर मुलगी आमची."

सय्यद नूरी माझ्या सावलीकडे वळला. "सांग बाई. देवाला स्मरून सांग."

 सबीहाचा हात माझ्या खांद्यावर आला, आणि तिनं दाबला. सांग, की सांगू नकोस, ते कळलं नाही. मी तोंड उघडलं. म्हटलं, "सय्यद, एक मुलगी होती."

"थांब, मुल्लाया."

लफ्ता. चसबियाचा थोरला. ज्याच्याशी तुझं ठरलं होतं तोच. चाळिशीचा झालाय, केस गेलेत, तोवर शब्दही बोलला नव्हता. तो उठला आणि म्हणाला, "बाईमाणसाला कशाला बोलवताय एवढ्या पुरुषांत? त्या दिवशी काय सांगितलं ते मला माहीत आहे. मी थोरला. मी सांगतो."

गदबान म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

"बस खाली. गोष्ट तुझीच आहे."

मग त्यानं सांगितलं. गदबान सात वर्षांचा असताना त्याची सुंता ठरली होती. मेंढरं कापली, ढोलवाले आले, न्हावी वस्तरा परजून बसला, आणि गदबान गायब. शोधतात तर हा खजुराच्या झाडाच्या शेंड्यावर. बाप खालून ओरडतोय, काका ओरडतोय, कुणाचं ऐकत नाही. पाहुणे ताटकळले. ढोलवाले दमून जेवायला बसले. शेवटी चसबिया न्हाव्याचा हात धरून झाडाखाली आली आणि वर बघून म्हणाली, "उतर रे राजा, उतर! तुझ्या बापानं कबूल केलंय. ढोलवाल्यांना रिकामं कसं पाठवायचं? तुझ्याऐवजी त्याचीच पुन्हा करतायत!"

"आणि आमचे वडील," लफ्ता म्हणाला, "देव त्यांना शांती देवो, त्यांनी दोन्ही हात पुढे धरले आणि तीन पावलं मागे सरकले."

पहिला हसला तो रांगेच्या टोकाला बसलेला एक शेख. दाढीत हसला, खोकल्यावारी नेलं. मग त्याच्या शेजारचा. पण ते सगळं अजून सावरता आलं असतं. बिघडवलं गदबाननंच. तो ताडकन उठून म्हणाला, "मी घाबरून नव्हतो चढलो! मी पारवे पकडायला चढलो होतो!"

मग मात्र कुणालाच आवरेना. रुमाल तोंडात कोंबले, काही उपयोग नाही. जासिब हसत होता आणि डोळे पुसत होता. सय्यद नूरी तर एका अंगावर कलंडला, त्याला दोघांनी धरून बसवलं. इकडे आमच्या बाजूला एकही बाई हसली नाही. चारा नि घागरी घेऊन सगळ्या मुकाट्यानं उभ्या. गंमत बघ.

सय्यद नूरीनं श्वास घेतला, डोळे पुसले आणि विचारलं, "गदबान, चसबियाला जाऊन चाळीस दिवस झाले का?"

"नाही, सय्यद."

"म्हणजे घर शोकातलंच आहे."

"हो."

"आणि तिच्या घरात बसून आपण हसलो. बायकांपेक्षा मोठ्यानं. मी सर्वांत मोठ्यानं. आता माझ्याकडून कोणती मुलगी घेतोस? मला पणत्या आहेत, धाकटीला दात यायचेत."

गदबान लालबुंद होऊन उभा. भावाकडे पाहत होता. लफ्तानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई होती तशी होती. पी कॉफी." आणि गदबान बसला. बहीजा, त्याचा चेहरा एकदम सात वर्षांच्या पोरासारखा झाला आणि तो ढसाढसा रडला, सगळ्यांसमोर. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, असं सबीहा म्हणते. जासिबनं सांडून उरलेली कॉफी उचलून एका घोटात घेतली.

इब्तिहाल घरीच आहे. उद्यापासून शिकायला जाणार. जासिबची पोरं परत येतायत, खरूज बरी झाली.

इथे पत्र संपवायला हवं होतं. पण काल दुपारी लफ्ता माझ्या दारात आला. एकटा. आत ये म्हटलं तर आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी त्याचे आभार मानायला लागले, तर म्हणाला, "मुल्लाया, तू खरं सांगणार होतीस. तुझ्या आवाजावरून कळलं."

मी म्हटलं, "कुठलं खरं?"

"अम्मानमध्ये तिला कुणी कळवलं का, की माझी आई गेली? तिनंही फातिहा पढायला हवा."

मी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.  म्हटलं, "तुला कुणी सांगितलं? आईनं?"

"कुणीच नाही सांगितलं. अम्मानचं नाव शेवटच्या दुखण्यात आईच्या तोंडून निसटलं, पण ती जिवंत आहे ते मला आधीपासून ठाऊक होतं. गाडीच्या टपावर ताबूत चढवताना पुढची बाजू माझ्याकडे होती. कान लाकडाला लागलेला. आत कुणीतरी रडत होतं."

मी उंबऱ्यावर बसले.

"मी वीस वर्षांचा होतो. मलाही कुणी विचारलं नव्हतं की ही हवी का. पण त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. माझ्या घरी येण्यापेक्षा तिला ताबूत बरा वाटला. मी इतका वाईट होतो का, एवढं विचार तिला."

मी म्हटलं, "अरे, तिनं तुझं तोंडही पाहिलं नव्हतं. वाईट की चांगला ते तिला कुठून कळणार?"

तो हसला. खरंच हसला, आणि मान हलवत निघून गेला. गल्लीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला, मग वळला.

आता तुला विचारते. तू आत रडत होतीस? मला वाटायचं, तू हसू दाबून पडली आहेस. मी त्या गाडीत तुझ्या खालीच बसले होते, चसबियाच्या शेजारी. अठरा वर्षं मी बायकांना सांगतेय की पोरगी आत हसत होती, आणि त्या तिथे नेहमी हसतात. एकदाही कुणी विचारलं नाही, आणि एकदाही तू सांगितलं नाहीस.

त्या माणसाला काय सांगू ते लिही. आणि मलाही सांग, पुढच्या वेळी सांगताना त्या ठिकाणी मी काय म्हणू. तू सांगेपर्यंत मी ती गोष्ट कुणाला सांगणार नाही.

तुझी बहीण
तस्वाहिन